घर पाहावं बांधून

2006 सालच्या ऑगस्टमधली, 19 तारखेची शनिवारची संध्याकाळ. कोल्हापुरात बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. लंडनमध्ये आर्सेनल हा फुटबॉल क्लब आपल्या नव्या कोऱ्या मैदानावर लीगचा पहिला सामना खेळत होता. समोर अॅस्टन व्हिला. मैदान साठ हजारांचं, हिरवळ गालिच्यासारखी, खुर्च्यांची रांग न् रांग भरलेली. सगळं काही जागच्या जागी होतं. आणि या नव्या घरातला स्पर्धात्मक सामन्यातला पहिला गोल केला तो पाहुण्यांनी! व्हिलाच्या ओलोफ मेलबर्गनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. शेवटची काही मिनिटं उरली असताना थिओ वॉलकॉट नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं आत पास दिला, जिल्बर्तो सिल्वानं गोल केला आणि बरोबरी झाली. वास्तुशांतीच्या दिवशीच यजमानांची अशी तारांबळ उडालेली पाहून मला हसू आलं. पण ते हसू फार टिकलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

तुम्ही म्हणाल, कवितेच्या माणसाला लंडनच्या फुटबॉलशी काय देणंघेणं? पण कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा असतो. ज्या तालमीत मोहरमचे पंजे बसतात, गणपती बसतो, त्याच तालमीचा फुटबॉलचा संघही असतो. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की घराघरांत दोन तट पडतात. त्यामुळे संघ म्हणजे अकरा खेळाडू, ही व्याख्या आम्हाला लहानपणापासूनच अपुरी वाटत आली. संघ म्हणजे गल्ली. म्हणून एखादा क्लब गल्ली सोडून दुसरीकडे राहायला जातो, तेव्हा काय होतं, याची मला उत्सुकता होती.

आर्सेनलची गोष्ट कामगारांपासून सुरू होते. 1886 साली लंडनच्या वूलिच भागातल्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातल्या कामगारांनी हा क्लब काढला. क्लबच्या चिन्हावरची तोफ तिथूनच आली. 1913 साली क्लबनं थेम्स नदी ओलांडली आणि उत्तर लंडनमधल्या हायबरी इथं बस्तान बसवलं. म्हणजे हायबरीसुद्धा एकेकाळी ‘नवं मैदान’च होतं, आणि वूलिचच्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडलीच असणार. पण माणसाची स्मृती मोठी सोयीची असते. नव्वद-एक वर्षांत हायबरी इतकं आपलं झालं की क्लब मूळचा कुठला, हे सांगावं लागू लागलं. तीसच्या दशकात तिथं देखणे स्टँड उभे राहिले. हर्बर्ट चॅपमन या व्यवस्थापकाच्या काळात, 1932 मध्ये, जवळच्या भुयारी रेल्वे स्थानकाचं नाव गिलेस्पी रोड बदलून ‘आर्सेनल’ झालं. मैदान घरांच्या दाटीत होतं. लोकांच्या खिडक्या, परसदारं आणि मधोमध हा आखाडा.

हेच त्याचं वैभव होतं आणि हीच अडचण. 1989 मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर चेंगराचेंगरी झाली, आणि त्यानंतरच्या टेलर अहवालानं मोठ्या क्लबांच्या मैदानात उभं राहून सामना पाहण्याची पद्धत बंद करायला लावली. खुर्च्या आल्या आणि हायबरीची क्षमता सुमारे 38 हजारांवर आली. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानात जवळपास दुप्पट लोक बसत. तिकिटांच्या पैशांत तितकाच फरक. वाढवायचं म्हटलं, तर एका बाजूच्या स्टँडला वारसावास्तू म्हणून संरक्षण, आणि आजूबाजूला माणसांची घरं. शेवटी हाकेच्या अंतरावर, अॅशबर्टन ग्रोव्ह इथं, जिथं शहराचा कचरा गोळा होत होता, ती जागा ठरली. कचरा केंद्र हलवलं, छोटेमोठे उद्योग हलवले, रुळांवरून पूल टाकले. एकूण खर्च सुमारे 39 कोटी पौंड. त्यासाठी 26 कोटी पौंडांचं कर्ज. आखातातल्या एका विमान कंपनीनं पैसे दिले, म्हणून मैदानाला तिचं नाव मिळालं, एमिरेट्स.

हायबरीचा निरोप 7 मे 2006 रोजी झाला. विगनविरुद्ध 4-2 असा विजय, थिएरी ऑन्रीचे तीन गोल. तिसरा गोल झाल्यावर तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं हिरवळीचं चुंबन घेतलं. दहाच दिवसांनी पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून 2-1 अशी हार झाली. म्हणजे जुन्या घरातून निघताना डोळ्यांत पाणी होतं आणि वाटेत ठेचही लागली.

नव्या घराचं दार 22 जुलैला उघडलं, ते डेनिस बर्गकँपच्या निरोपाच्या सामन्यानं. समोर त्याचा पहिला क्लब आयाक्स. तिथंही पहिला गोल पाहुण्यांचाच, पण सामना आर्सेनलनं 2-1 असा जिंकला. बर्गकँप निवृत्त झाला. त्या वर्षी रॉबर्ट पिरेस गेला, सोल कॅम्पबेल गेला, अॅशली कोल चेल्सीला गेला. सामान हलवताना जुनी भांडी निघून जावीत, तशी माणसं निघून गेली. त्यांच्या जागी कोवळी पोरं आली. कर्ज फेडायचं असल्यामुळे तयार खेळाडू विकत घेण्याऐवजी घडवायचे, असं व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांचं गणित होतं.

पहिल्या हंगामाचा हिशेब काय सांगतो? लीगमध्ये घरच्या मैदानावर 19 सामने झाले. 12 जिंकले, 6 बरोबरीत, हार एकच. आकडे वाईट नाहीत. लिव्हरपूलला 3-0 हरवलं, शेजारच्या टॉटेनहॅमला 3-0 हरवलं. 21 जानेवारी 2007 रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध 1-0 असे मागे असताना व्हॅन पर्सीनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत ऑन्रीनं डोक्यानं विजयी गोल केला. त्या दिवशी त्या मैदानाला पहिल्यांदा कंठ फुटला, असं मला टीव्हीवरूनही जाणवलं.

पण बरोबरीचे सामने पाहा. अॅस्टन व्हिला, मिडल्सब्रो, एव्हर्टन, न्यूकॅसल, चेल्सी हे सगळे 1-1, आणि पोर्ट्समथ 2-2. लीगमधला घरचा पहिला विजय मिळायला 23 सप्टेंबर उजाडला. पाहुणे येत, गोलसमोर माणसांची भिंत उभी करत आणि एक संधी साधून गोल करत. हायबरीचं मैदान आखूड होतं, प्रेक्षक अगदी अंगावर बसलेले असत. प्रतिस्पर्ध्याला तिथं कोंडल्यासारखं व्हायचं. नव्या जागी ऐसपैस हिरवळ आणि मऊ खुर्च्या, प्रेक्षक थोडे लांब. प्रतिस्पर्ध्याला दहशत वाटावी असं अजून तिथं काही घडलेलंच नव्हतं.

ती एकमेव हार 7 एप्रिल 2007 ची. बॉबी झमोराच्या गोलवर वेस्ट हॅमनं 1-0 असं हरवलं. गंमत अशी की हायबरीवर आर्सेनलला शेवटचं हरवणारा संघही वेस्ट हॅमच होता. हंगामाच्या शेवटी आर्सेनल 68 गुणांसह चौथा. करंडक एकही नाही. लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीकडून हार, चॅम्पियन्स लीगमध्ये आइंडहोवनकडून. दुखापतींमुळे ऑन्री लीगचे जेमतेम 17 सामने खेळला आणि त्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला निघून गेला. ज्यानं जुन्या मातीचं चुंबन घेतलं होतं, तो नव्या घरात एक वर्षच राहिला.

आता माझं हसू का मावळलं, ते सांगतो. त्याच वर्षी आम्हीही जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. जुन्या घरात पाच बिऱ्हाडांत मिळून एक अंगण होतं, नळ एक, आणि भांडणंही सामाईक. पावसाळ्यात छत गळायचं. फ्लॅटमध्ये सगळं होतं. चोवीस तास पाणी, दोन खोल्या जास्तीच्या, आणि डोक्यावर माझ्या पगाराला न पेलणारा हप्ता. त्या ऑक्टोबरात नव्या घरातली पहिली ईद आली. अम्मीनं पहाटे उठून नेहमीच्या अंदाजानं शीरखुर्मा केला, पाच बिऱ्हाडांना पुरेल इतका. दुपारपर्यंत बेल दोनदा वाजली. जुन्या घरी बेल नव्हतीच, दार उघडंच असायचं. संध्याकाळी अम्मी एवढंच म्हणाली, “घर छान आहे रे. पण हाक मारली की भिंतीच ऐकतात.” त्या शनिवारी आर्सेनलनं एव्हर्टनशी 1-1 अशी बरोबरी केली. साठ हजार लोक घरी जाताना पाहून मला अम्मीच्या त्या मोठ्या पातेल्याची आठवण झाली.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 2005 नंतर आर्सेनलला करंडकासाठी थेट मे 2014 पर्यंत वाट पाहावी लागली. कर्जाची ती वर्षं वेंगर यांनी ओढून नेली. संघ दरवर्षी पहिल्या चारांत राहिला, उत्तम खेळाडू दरवर्षी विकले गेले आणि त्यांच्यावर टीका होत राहिली. 2018 मध्ये ते पायउतार झाले. आत्मा हायबरीतच राहिला, असं तेही नंतर बोलून गेले. ज्या माणसानं नवं घर बांधायला आपली उमेदीची वर्षं घातली, त्यानंच असं म्हणावं, यातलं दुःख मला कळतं.

तरीही मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. कारण क्लबला आपली चूक उमगली होती. घर बांधताना भिंतींवर आठवणी लावायच्या राहून गेल्या होत्या. मग काही वर्षांनी बाहेरच्या भिंतींवर जुन्या खेळाडूंची भव्य चित्रं आली. हायबरीवरच्या घड्याळाची आठवण म्हणून एका बाजूला पुन्हा ‘क्लॉक एंड’ हे नाव आलं. डिसेंबर 2011 मध्ये चॅपमन, टोनी अॅडम्स आणि ऑन्री यांचे पुतळे बसले. ऑन्रीचा पुतळा गुडघ्यांवर बसलेला आहे. इकडे हायबरीच्या जागी सदनिका झाल्या, जुन्या स्टँडची दर्शनी भिंत तशीच ठेवली आणि खेळाच्या हिरवळीवर बाग झाली. जिथं ऑन्रीनं माती चुंबली, तिथं आता कुणाची तरी मुलं खेळत असतील.

2016 मध्ये वेस्ट हॅमनंही आपलं शंभरेक वर्षांचं मैदान सोडलं आणि ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवलं. पहिल्याच हंगामात तिथंही कुरबुरी आणि तीच हळहळ. तेव्हा मला वाटलं, पहिल्या वर्षावरून कुठल्याही घराची परीक्षा करू नये. घर पाहावं बांधून म्हणतात, ते दगडविटांच्या त्रासाबद्दल. त्यात राहून पाहणं हे दुसरं काम, आणि त्याला वर्षं लागतात. तिथं आधी हरावं लागतं, कुणाला तरी निरोप द्यावा लागतो, एखादी रात्र जागून काढावी लागते. वूलिच सोडून हायबरीला आलेल्यांनीही हेच केलं असेल.

आमच्या फ्लॅटच्या जिन्यात दुसऱ्या वर्षीच्या ईदला अम्मीनं एक युक्ती केली. सकाळपासून आमचं दार सताड उघडं ठेवलं आणि पातेलं दारातच मांडलं. आधी शेजारची लहान मुलं आली, मग त्यांना शोधत त्यांच्या आया आल्या. त्या संध्याकाळी पातेलं घासायला घेताना अम्मी म्हणाली, पुढच्या वर्षी थोडं मोठं भांडं लागेल.