‘डू’ येण्याआधीची इंग्रजी

महाराष्ट्रातल्या दहावी-बारावीच्या मुलांना एक वाक्य हमखास घोटावे लागते. ‘ॲज सून ॲज द बेल रँग’चे ‘नो सूनर’ने सुरू होणारे रूप करायचे: ‘नो सूनर डिड द बेल रिंग’. घंटा मागे सरकते, ‘रँग’चे ‘रिंग’ होते आणि कुठूनसा एक ‘डिड’ घंटेच्या पुढे येऊन बसतो. असे का, हे विचारले तर ‘तसा नियमच आहे’ एवढेच उत्तर मिळते. पण हा कोणा व्याकरणकाराने काढलेला नियम नव्हे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीची ती रोजची चाल होती.

वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या कारकिर्दीत (८७१ ते ८९९) अँग्लो-सॅक्सन बखर लिहायला घेतली गेली. तिच्यात ‘था’ म्हणजे ‘तेव्हा’ हा शब्द आला की पाठोपाठ क्रियापद आणि मग कर्ता: तेव्हा गेला राजा, तेव्हा आले सैन्य. प्रश्नात हेच, नकारात हेच. जर्मन, डच, स्वीडिश या नात्यातल्या भाषांनी ही शिस्त आजही सोडलेली नाही. वाक्याच्या आरंभी कुणीही बसो, दुसरे आसन क्रियापदाचे.

जुन्या इंग्रजीला हे परवडत होते, कारण तिच्याकडे विभक्ती होती. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘वाघाने माणसाला मारले’ म्हणा की ‘माणसाला वाघाने मारले’, मेला कोण याबद्दल शंका राहत नाही. ‘ने’ आणि ‘ला’ पहारा देत असतात. इंग्रजीचे असे प्रत्यय पुढच्या काही शतकांत झिजत गेले. मग कर्ता ओळखायचा कसा? तर जागेवरून. क्रियापदाच्या आधी येईल तो कर्ता. पंधराव्या शतकापर्यंत साध्या वाक्यांतली जुनी मांडणी बरीच मोडकळीला आली होती.

प्रश्नांनी मात्र ती धरून ठेवली. ‘राजाला पाहिलेस का?’ हे तेव्हाचा इंग्रज ‘सॉ यू द किंग?’ असे सरळ विचारी. त्याच सुमारास ‘डू’ या क्रियापदाने वाक्यात शिरकाव केला. स्वतःचा अर्थ टाकून ते नुसते मदतनीस झाले. अल्वार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने जुन्या ग्रंथांतली हजारो वाक्ये मोजून ‘डू’च्या या चढाईचा आलेख १९५३ साली प्रसिद्ध केला. भाषेतला बदल इतक्या चिकाटीने मोजणारे काम विरळाच. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी आणि नवी दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. १६११चे किंग जेम्स बायबल जुन्याकडे झुकलेले. १७००च्या आसपास प्रश्नातले ‘डू’ पक्के झाले. ‘बी’, ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांना त्याची गरजच पडली नाही. ‘कॅन यू?’, ‘इज ही?’ विचारताना ती आजही स्वतः उठून पुढे येतात. बाकीच्यांच्या वतीने ‘डू’ जातो. घंटेपुढचा ‘डिड’ तो हाच.

जुन्या चालीचे अवशेष अजून जागोजाग सापडतात. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’ वाक्यारंभी आले की क्रियापद कर्त्याच्या पुढे. ‘सो डू आय’. ‘हॅड आय नोन’. बसथांब्यावरचे एक वाक्य तर फार बोलके आहे. ‘हिअर कम्स द बस’ म्हणतात, पण बसऐवजी सर्वनाम घातले की ‘हिअर इट कम्स’. आल्फ्रेडच्या काळातही ‘था’ने सुरू न होणाऱ्या साध्या वाक्यांत सर्वनामाला क्रियापदाआधी बसायची अशीच मुभा असे.

विसाव्या शतकात या उलट्या मांडणीची एकदा हौसही झाली. १९२३ साली निघालेल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने बातमीचे वाक्य क्रियापदापासून सुरू करायची शैलीच केली. १९३६ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये वोलकॉट गिब्ज यांनी त्याच शैलीत तिचे विडंबन लिहिले. ते इतके गाजले, की ‘टाइम’ची ती शैली आज अनेकांना त्या विडंबनामुळेच ठाऊक आहे.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. ‘नो सूनर’ फळ्यावर लिहिण्याआधी पाच मिनिटे काढून आल्फ्रेडच्या बखरीतला तो ‘था’ वर्गाला सांगावा. विभक्ती रोज बोलणाऱ्या मराठी मुलांना ही गोष्ट चटकन कळेल.