व्हल्व्होडिनिया

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियात, म्हणजे भगात, किमान तीन महिने टिकणारी आणि तपासणीत स्पष्ट कारण न सापडणारी वेदना. ही व्याख्या २०१५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनांच्या सहमतीने ठरली. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ टी. गेलार्ड थॉमस यांनी १८८० मध्येच अशा वेदनेचे वर्णन केले होते.

लक्षणे : ‘खाली आग होते’, ‘झोंबतं’, ‘टोचतं’ अशा तक्रारी असतात. काहींना शरीरसंबंध, टॅम्पॉन, घट्ट जीन्स किंवा दुचाकीची सीट यांच्या दाबानेच दुखते, तर काहींना स्पर्शाविनाही. वेदना संपूर्ण भगात पसरलेली असते किंवा योनिद्वाराच्या कडेपुरती. दुसऱ्या प्रकाराला वेस्टिब्युलोडिनिया म्हणतात.

कारणे : एकच कारण सांगता येत नाही. वारंवार झालेला बुरशीसंसर्ग, संप्रेरकांतील बदल, मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताण यांचा संबंध आढळतो. दुखेल या धास्तीने स्नायू आवळले जातात आणि आवळल्याने आणखी दुखते.

निदान : बुरशी, हर्पीस, लायकेन स्क्लेरोसस, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा ही कारणे आधी वगळावी लागतात. मग ओलसर कापूस गुंडाळलेली काडी मांडीपासून सुरुवात करून योनिद्वाराभोवती, घड्याळातील आकड्यांच्या क्रमाने, हलकेच टेकवतात. प्रत्येक जागी किती दुखले, हे रुग्ण शून्य ते दहात सांगते. त्वचा निरोगी दिसली तरी वेदना खरी असते. तपासणीशिवाय बुरशीची मलमे पुन्हापुन्हा लावल्याने त्वचेचा दाह वाढू शकतो.

उपचार : सुगंधी साबण व ‘इंटिमेट वॉश’ बंद करून साधे पाणी आणि सुती अंतर्वस्त्रे वापरावीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी हा महत्त्वाचा उपचार असून तिचा भर स्नायू सैल सोडायला शिकण्यावर असतो. जोडीला बधिरता आणणारे लिडोकेन मलम आणि समुपदेशन असते. शक्य असल्यास समुपदेशनात जोडीदारालाही सहभागी करून घेतात. कमी मात्रेत दिलेल्या अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांचा गुण सर्वांनाच येत नाही. वेदना योनिद्वारापुरती असून इतर उपाय थकले, तर तेथील संवेदनशील ऊती शस्त्रक्रियेने काढतात. सुधारणेला बहुधा काही महिने लागतात.

हा विकार संसर्गजन्य नाही, कर्करोगही नाही. मात्र नवी गाठ, न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा रक्तस्राव दिसल्यास पुन्हा तपासणी करावी.