नार्वे : नदीपलीकडचा शेजार

डिचोली तालुक्यातील नार्वे आणि तिसवाडीतील दिवाडी बेट यांच्यामध्ये मांडवीचा एक फाटा वाहतो. फेरीबोटीने ओलांडायचा म्हटला तर चहाचा कप संपायच्या आत पलीकडचा धक्का येतो. दोन्ही काठांना कांदळवन आहे, खाजन शेते आहेत, भरतीचे पाणी अडवणारे बांध आहेत आणि बांधात बसवलेल्या मानशी. पाण्याचा दाब वाढला की मानशीची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. विशेष म्हणजे नार्वे हे नावही दोन्ही काठांवर आहे. एक नार्वे बेटावर, एक डिचोलीच्या बाजूला. गोव्याबाहेरचा पाहुणा हमखास गोंधळतो.

दिवाडीच्या दक्षिणेला नदीपलीकडे जुने गोवे, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातील पोर्तुगिजांची राजधानी. दिवाडी म्हणजे त्या राजधानीचे उपनगरच म्हणायचे. राजधानीतील प्रत्येक हुकूम या बेटावर आधी पोहोचे. उत्तरेचा डिचोलीचा काठ मात्र परक्या राज्यात होता, विजापूरच्या आदिलशहाच्या. एका छोट्या फाट्याने दोन राज्ये वेगळी केली होती, आणि या गावांचा पुढचा सगळा इतिहास त्या एका गोष्टीवर फिरला.

बेटावरच्या नार्व्यात सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटीशाच्या कृपेचा उल्लेख कोरलेला सापडतो. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देऊळ पडले. विजयनगरचा अंमल आल्यावर माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगिजांनी ते पाडले आणि त्या जागी चॅपेल बांधले. शिवलिंग विहिरीच्या कामाला लावले होते आणि भाविकांनी ते रातोरात नदीपार नेले, असे सांगतात. पलीकडच्या नार्व्यात त्याची पुन्हा स्थापना झाली. 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथे देवालयाचे काम सुरू केले. शके 1590 चा तो शिलालेख आजही दारावर आहे. घुमटाचे, समोर दीपस्तंभ असलेले हे देऊळ 2023 मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुले झाले.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय निघाला की मुले विचारतात, "देऊळ आपल्या लोकांनी पाडलं का?" आम्ही सरळ हो म्हणतो. राज्यकर्ते पोर्तुगीज होते हे खरे, पण त्यांच्यासोबत ख्रिस्तसभेची माणसे होती आणि चॅपेल आपले होते. "तो काळच तसा होता" असे म्हणून पुढे जाणे सोपे असते. पण ज्यांचा देव रात्री होडीत घालून न्यावा लागला, त्यांना आपण काळाचे कारण सांगू शकत नाही. पापकबुलीच्या वेळी आपण स्वतःच्या बाबतीत अशी सबब सांगत नाही, मग इथेच का सांगावी?

आता दुसरा आश्रित. दिवाडीवरच्याच नावेली गावात सोळाव्या शतकाच्या अखेरीस मातेउस द कास्त्रो नावाचा मुलगा जन्मला. ब्राह्मण कुळातील, ख्रिस्ती घरातला. त्याला धर्मगुरू व्हायचे होते. गोव्यात त्याला दीक्षा मिळेना, कारण तो देशी होता. तो निघाला आणि थेट रोमला पोहोचला. तिथे 1622 मध्ये श्रद्धाप्रसाराचे मंडळ नुकतेच स्थापन झाले होते, आणि पोर्तुगीज राजाच्या मर्जीवर न चालणारे धर्मगुरू त्या मंडळाला हवेच होते. मातेउस तिथे शिकले, त्यांना दीक्षा मिळाली आणि 1637 मध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. लॅटिन विधीचे हे पहिले भारतीय बिशप. त्यांच्याकडे प्रदेश सोपवला तो आदिलशहाच्या राज्याचा.

गोव्यात परतल्यावर राजधानीने त्यांचे बिशपपद मानलेच नाही. मग ते राहिले कुठे? डिचोलीत. ज्या मुलुखात सप्तकोटेश्वर गेला, त्याच मुलुखात दिवाडीचा बिशप गेला. आदिलशहाने त्यांना राहू दिले, प्रार्थनाघरे बांधू दिली. 1653 मध्ये तिथूनच त्यांनी गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्ती समाजाला उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नावाचा एक कडक मजकूर पोर्तुगीज भाषेत लिहिला.

आम्हाला त्यांना संत ठरवायचे नाही. स्वभावाने ते भांडखोर होते, आणि विजापूरकरांना व डचांना गोव्यावर चालून येण्यास त्यांनी भरीस घातले, असा पोर्तुगिजांचा आरोप होता. तो अगदीच निराधार वाटत नाही. शिवाय त्यांची लढाई आपल्या जातीच्या मानापानाचीही होती. इतर जातींच्या देशी ख्रिस्ती माणसांबद्दल त्यांच्या मनात फारसा जिव्हाळा दिसत नाही. शेवटी ते रोममध्येच वारले.

यहोशवाच्या पुस्तकात शरणपुरांची यादी आहे. यार्देनेच्या या बाजूला तीन नगरे, त्या बाजूला तीन. पळून येणाऱ्याने आधी वेशीत उभे राहून आपली हकिकत सांगायची, मग त्याला जागा द्यायची, असा तो नियम. डिचोलीच्या काठाला कुणी असा नियम घालून दिलेला नव्हता. राज्य मुसलमानाचे, आणि त्याने हिंदूंचा देव आणि कॅथलिक बिशप दोघांनाही ठेवून घेतले. राजकारण म्हणून असेल, पण ठेवून घेतले.

डिचोली 1780 च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. तोवर त्यांचे धोरण बदलले होते. या नव्या काबिजादीत देवळांना हात न लावण्याचे वचन त्यांनी दिले. म्हणून पेडणे-डिचोलीत चर्च मोजकीच आहेत आणि बारदेश-साष्टीच्या मानाने वयाने लहान आहेत.

दिवाडीचा आणखी एक सुपुत्र सांगायलाच हवा. फादर जाकोम गोन्साल्विस 1676 मध्ये बेटावर जन्मले आणि 1705 मध्ये श्रीलंकेत संत जोसेफ वाझ यांच्या मदतीला गेले. किनाऱ्यावर डच सत्ता कॅथलिकांचा छळ करीत होती, तर डोंगरातील कँडीच्या बौद्ध राजाने या गोवेकर धर्मगुरूंना आसरा दिला होता. फादर जाकोम सिंहली आणि तमिळ शिकले आणि त्या भाषांत त्यांनी विपुल लिहिले. 1742 मध्ये ते तिथेच वारले. सिंहली साहित्याच्या इतिहासात आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फार कमी जणांना ठाऊक असते.

संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाला जुन्या गोव्यात येणाऱ्यांनी यंदा अर्धा दिवस जास्त ठेवावा. फेरीने दिवाडीला जावे. टेकडीवरचे पिएदाद चर्च पाहावे. शेजारच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे, त्याच्या छतावरची नक्षी कदंबकालीन देवळाची मानतात. मग बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरावे. देवळात चपला बाहेर काढाव्यात, दारावरचा लेख वाचावा. गोकुळाष्टमीला गेलात तर नदीत स्नानाला जमलेली गर्दी दिसेल. फेरीत गाडी चढवायला तेव्हा बराच वेळ लागतो, त्यामुळे चालतच गेलेले बरे.