रॉजर्स अँड स्पेन्सर रिव्हॉल्व्हर : मूळ शस्त्र आणि प्रतिकृती

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) कोल्ट व रेमिंग्टन यांच्या रिव्हॉल्व्हरांचा सर्रास वापर झाला. त्या मानाने न्यूयॉर्क राज्यातील रॉजर्स अँड स्पेन्सर या कारखान्याचे रिव्हॉल्व्हर दुर्दैवीच म्हणावे लागेल. शासनाने नोव्हेंबर १८६४ मध्ये ५,००० नगांची मागणी नोंदविली. ते टप्प्याटप्प्याने हाती येईपर्यंत युद्ध संपत आले होते. माल शस्त्रागारात पडून राहिला आणि १९०१ मध्ये जुन्या लष्करी सामानाचे व्यापारी फ्रान्सिस बॅनरमन यांनी तो विकत घेतला. रणांगण न पाहिल्यामुळेच अनेक मूळ नग उत्तम अवस्थेत टिकले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली, तेव्हा १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. प्रारंभ कोल्टपासून झाला. पुढे रॉजर्स अँड स्पेन्सरचीही प्रतिकृती इटलीत निघाली आणि जर्मनीतील फाइनवेर्कबाउ या कारखान्याने तिला स्पर्धेच्या दर्जाचे रूप दिले. कोल्टच्या सिलिंडरावर पूल नसतो. या शस्त्राची चौकट मात्र वरून बंद, म्हणून अधिक भक्कम आहे. नेमबाजांची पसंती तिला मिळाली ती यामुळे.

काळ्या दारूच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मूळ शस्त्रे व प्रतिकृती यांचे गट वेगळे असतात. रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धेत २५ मीटरवरून ३० मिनिटांत १३ गोळ्या झाडावयाच्या आणि त्यांतील उत्तम १० धरावयाच्या, असा प्रघात आहे. प्रतिकृती मूळ घडणीशी प्रामाणिक असावी, अशी अट असते. आधुनिक, हलविता येणारी नेमपट्टी बसविता येत नाही. परिणामी सुधारणा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होतात.

त्यांतील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे सिलिंडरमधील खाने. या शस्त्रात दारू व शिशाची गोळी समोरून भरली जाते. गोळी खान्यापेक्षा किंचित मोठी असते. दांड्याने दाबताना तिच्या कडेचे शिसे कातरले जाऊन ती घट्ट बसते. स्वस्त प्रतिकृतींत खाने नळीतील पेचदार खाचांच्या व्यासापेक्षा अनेकदा अरुंद आढळतात. मग कातरलेली गोळी नळीत सैल पडते आणि नेम विखुरतो. म्हणून जाणता ग्राहक खरेदीपूर्वी मऊ शिशाची एक गोळी नळीतून ढकलून मोजतो, दुसरी खान्यात दाबून मोजतो आणि दोन्ही मापे ताडून पाहतो. चकाकीवर भाळणारा येथेच फसतो. अरुंद खाने रीमरने रुंदावता येतात. पण जास्त कोरले गेलेले पोलाद परत येत नाही, म्हणून हे काम जाणकार कारागिराचेच.

यानंतर माशीचा प्रश्न येतो. गोळी लक्ष्याच्या वर लागत असेल तर उंच माशी बसवावी लागते; खाली लागत असेल तर माशी कानशीने घासावी लागते. उंच माशी घेऊन थोडीथोडी घासत जाणे शहाणपणाचे. स्पर्धेत दारू बेताचीच, बहुधा १५ ते २० ग्रेन, वापरतात. उरलेली पोकळी भरण्यास यूरोपीय नेमबाज चक्क रवा घालतात! गोळी खान्याच्या तोंडापाशी राहिली म्हणजे तिची नळीपर्यंतची उडी कमी होते. तोंडावर चरबी लावली की दारूची काजळी मऊ राहते. टोप्या ज्यांवर बसतात त्या निपल्सही घट्ट बसणाऱ्याच हव्यात; सैल टोपी शेजारच्या खान्यास आग पोहोचवू शकते.

अशा सुधारलेल्या प्रतिकृतीच्या अचूकतेवरून १८६५ च्या शस्त्राचे मूल्यमापन करण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो टाळला पाहिजे. बाह्य रूप जुने असले तरी खान्यांची मापे, पोलाद आणि दारूचे प्रमाण आजच्या नेमबाजाने ठरविलेले असते. मूळ कारागिराने सैनिकासाठी शस्त्र घडविले होते. त्यास पूर्ण भाराची दारू, घाई आणि चिखल गृहीत धरावे लागले. प्रतिकृती विश्वसनीय साक्ष देते ती भरण्याच्या क्रमाची, त्यास लागणाऱ्या वेळेची आणि काजळीने सिलिंडर जड होत जाण्याची. अचूकतेबाबत मात्र बॅनरमन यांच्या मालातून टिकलेल्या, खाने न कोरलेल्या मूळ नगांकडेच वळावे लागते.