देशी खेळांचे मेळे व त्यांचे कागद

वसईच्या इतिहासाला कागदांची वाण नाहीं. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं किल्ला सर केला, त्या मोहिमेचा पत्रव्यवहार रियासतकार सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या खंडांतून छापलेला आहे. परंतु ज्या कागदांत तोफा, रसद व मोर्चे यांचा हिशेब, त्यांत सांडोरसारख्या गांवचीं तरुण पोरें सणावारीं कोणते खेळ खेळत, यास जागा कोठून असणार? आज त्याच वसईंत नरवीर चिमाजी आप्पांच्या नांवाच्या क्रीडांगणावर वर्षाखेरीस तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव भरतो. लढाईचा कागद आपण जपला. मेळ्याचा जपणार कीं नाहीं, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

देशी खेळांचीं जुनीं प्रमाणें अगदींच नाहींत असें नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेल्या ‘मानसोल्लासां’त मल्लविनोदाचें प्रकरण आहे. तुकोबांच्या गाथेंत टिपरी, फुगडी, हमामा, चेंडूफळी, विटुदांडू, मृदंगपाट्या हे खेळ रूपकासाठीं आले आहेत. पण तेथें खेळ परमार्थ सांगण्यासाठीं येतो. डाव कसा मांडावा, बाद कोण धरावा, हें श्रोत्यांस ठाऊकच होतें, म्हणून सांगितलें नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांची मल्लखांबविद्याही गुरूकडून शिष्याकडे अंगानेंच गेली. तात्पर्य, खेळाचें नांव कागदावर आलें, नियम आले नाहींत.

नियम लेखनांत आले ते विसाव्या शतकांत. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें खो-खोचे नियम बांधावयास घेतले. १९२३ सालीं हुतुतूचे नियम छापले गेले व त्याच वर्षीं बडोद्यास अखिल भारतीय सामने झाले. १९३५ सालीं अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें खो-खोचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचा ‘व्यायामज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळांत बडोद्याहून दहा खंडांत निघाला. जेथें गांवोगांवचे संघ एकत्र येणार, तेथें नियम एक असणें अवश्यच. मेळ्यानें नियम मागितला आणि नियमानें मेळा वाढविला. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिचें मूळ या छोट्या पुस्तिकांत आहे.

तथापि या लाभाबरोबर हानिही झाली. हुतुतूचे संजीवनी, गामिनी व अमर असे निरनिराळे प्रकार होते. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला मेलेला गडी उठे. गामिनींत सर्व डाव संपेपर्यंत मेलेला गडी बाहेरच राही. अमरांत गडी बाद झाला तरी मैदानांतून जात नसे, प्रतिपक्षास गुण मात्र मिळे. आज सर्वत्र चालणारी कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. बाकीचे दोन प्रकार सामन्यांतून मागें पडले. १९५० सालीं अखिल भारतीय महासंघ ‘कबड्डी’ या नांवानें स्थापन झाला, आणि ‘हुतुतू’ हा महाराष्ट्राचा शब्दही हळूहळू जुना झाला.

नियम कोण लिहितो यास फार महत्त्व आहे. कॅनडांत लॅक्रॉस हा मूळनिवासी लोकांचा खेळ. १८६७ च्या सुमारास माँट्रियलच्या जॉर्ज बीअर्स नामक दंतवैद्यानें त्याचे नियम लिहिले. पुढें १८८० च्या सुमारास मूळनिवासी खेळाडूंनाच हौशी अजिंक्यपदाच्या सामन्यांतून वगळण्यांत आलें. १९९० सालीं एडमंटन येथें मूळनिवासी तरुणांचा स्वतंत्र क्रीडामेळा प्रथम भरला, त्यांत खेळांच्या जोडीस आपल्या परंपरांचें दर्शनही ठेवलें गेलें. आपल्याकडे सुदैवानें लेखणी खेळणाऱ्या मंडळींच्याच हातीं होती. परंतु ती शहरांतील मंडळींच्या हातीं होती, हेंही विसरतां नये.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, बखरी व सनदा शोधतांना पेटाऱ्याच्या तळाशीं पडलेल्या नियमपुस्तिका, सामन्यांचीं हस्तपत्रकें, गुणपत्रकें, प्रशस्तिपत्रें व तालमींच्या जमाखर्चाच्या वह्या रद्दींत घालूं नयेत. पुस्तिका मिळाल्यास आवृत्तीचें वर्ष व मैदानाचीं मापें टिपावीं. दोन आवृत्त्यांतील फरक हाच त्या खेळाचा इतिहास असतो. वसईच्या पट्ट्यांत सामवेदी, वाडवळी इत्यादि बोली आहेत. त्यांत खेळांचे, डावांचे व बाद होण्याचे शब्द काय आहेत, हें वृद्धांस विचारून बोलीच्याच उच्चाराप्रमाणें लिहून ठेवावें, त्यावर पुस्तकी शब्दाचा संस्कार करूं नये. दरसालच्या महोत्सवाच्या पत्रिकेची एक प्रत जरी कोणी बाजूस ठेविली, तरी शंभर वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास ती मोलाची होईल. किल्ल्याचे दगड आणखी कांहीं शतकें टिकतील; पण ज्यानें गामिनीचा डाव प्रत्यक्ष खेळला तो म्हातारा आपल्यासाठीं थांबणार नाहीं.