श्रुति-हार्मोनियम

श्रुति-हार्मोनियम : सप्तकातील बारा समान अंतरांच्या स्वरांऐवजी भारतीय संगीतशास्त्रात सांगितलेल्या बावीस श्रुती वाजविता याव्यात, या हेतूने सिद्ध केलेले पट्टीवाद्य. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुंबई इलाख्यात जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या प्रयत्नांतून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी ते तयार झाले. वाद्य म्हणून ते रूढ झाले नाही. परंतु त्याच्या निमित्ताने झालेली चर्चा आधुनिक भारतीय संगीतविचाराच्या इतिहासात महत्त्वाची ठरली.

हार्मोनियमचे एकस्व आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिस येथे घेतले. धातूच्या मोकळ्या पत्तीवरून हवेचा झोत गेला की ती कंप पावते व नाद निर्माण होतो, हे या वाद्याचे तत्त्व. यूरोपातील ज्या लहान प्रार्थनामंदिरांना नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नसे, त्यांनी ते जवळ केले. मराठी नाट्यसृष्टीत ज्याला ‘ऑर्गन’ म्हणतात तोही वस्तुतः पत्त्यांचाच ऑर्गन होय. नळ्यांच्या ऑर्गनशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची सुटसुटीत पेटी घडविली आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या-वाजविणाऱ्या या देशात तिचा झपाट्याने प्रसार झाला. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने तिला आसरा दिला. सारंगीची साथ मागे पडत गेली आणि गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनी पेटीला मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली. वऱ्हाडापासून कोकणापर्यंतच्या भजनी मंडळांत तर ती घरचीच झाली.

अडचण होती ती स्वरांच्या जुळणीची. पाश्चात्त्य पट्टीवाद्यात सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. षड्जाची कंपनसंख्या सेकंदास २४० धरली, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा शुद्ध गांधार ३०० येतो. समान विभागणीतला गांधार मात्र सु. ३०२·४ पडतो. पंचमाचा फरक नगण्य आहे : ३६० ऐवजी सु. ३५९·६. गांधार आणि धैवत यांचा फरक मात्र तयार कानाला तात्काळ खटकतो. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या गायकाच्या कानाशी पेटीचे भांडण होते ते येथेच.

नाट्यशास्त्रात भरताने षड्जग्रामाची श्रुतिव्यवस्था सांगितली आहे. तीत षड्ज, मध्यम व पंचम यांना प्रत्येकी चार, ऋषभ व धैवत यांना प्रत्येकी तीन आणि गांधार व निषाद यांना प्रत्येकी दोन अशा एकूण बावीस श्रुती होतात. या श्रुतींची कंपनसंख्या कोणती, हे भरताने सांगितलेले नाही. त्या काळी तसे मोजमापही नव्हते. ते ठरविण्याचा उद्योग देवल यांनी हाती घेतला. संगीतशास्त्राचा त्यांना व्यासंग होता. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांना गावयास सांगून, त्यांचे स्वर तारेच्या लांबीवरून मोजून त्यांनी निष्कर्ष काढले आणि ते १९१० मध्ये पुणे येथे इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. श्रुती म्हणजे सोप्या गुणोत्तरांनी बांधलेली निश्चित स्थाने होत, असा त्यांचा सिद्धान्त होता. उदाहरणार्थ, षड्ज २४० असता शुद्ध ऋषभाचे २७० व सु. २६६·७ असे, तर धैवताचे ४०५ व ४०० असे दोन प्रकार संभवतात. या जोड्यांतील अंतर ८१ : ८० या गुणोत्तराचे आहे. गायकाच्या गळ्यावरून शास्त्र पडताळून पाहण्याची ही पद्धत त्या काळाच्या मानाने अभिनव होती, हे मान्य केले पाहिजे.

क्लेमंट्स या विचाराकडे ओढले गेले. समान विभागणीची पेटी भारतीय संगीताचा घात करील, असे त्यांचे ठाम मत होते. १९११ मध्ये ‘फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली. वाद्याची प्रत्यक्ष घडण लंडनच्या ‘मूर अँड मूर’ या वाद्यकारांकडे सोपविण्यात आली. पत्तीचा स्वर जुळविणे हे कष्टाचे काम असते : टोक खरवडले की स्वर चढतो, बुडाकडे कानस चालविली की उतरतो आणि अधिक खरवडले गेल्यास पत्ती वाया जाते. बावीस श्रुतींसाठी हे काम जवळजवळ दुपटीने वाढते. शिवाय जादा स्वरांमुळे वादकाला बोटांच्या सवयी बदलाव्या लागतात. हौशी अभ्यासक वगळता सामान्य पेटीवादक या वाद्याकडे वळला नाही, याचे एक साधे कारण हेही होते.

खरी कसोटी लागली ती बडोदे येथे मार्च १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे या परिषदेचे प्रमुख सूत्रधार होते. तेथे श्रुति-हार्मोनियमचे प्रात्यक्षिक झाले आणि मातब्बर गायकांच्या गाण्याशी त्याचे स्वर ताडून पाहण्यात आले. ते सर्वत्र जुळले नाहीत. ग्रंथांतील श्रुतींची आजच्या गायनाशी सांगड घालता येईल, हे भातखंड्यांना मान्य नव्हते. त्यांच्या पद्धतीचा व्यवहार बारा स्वरांवरच उभा होता. परिषदेने नव्या वाद्याला मान्यता दिली नाही.

या अपयशाचा दोष कारागिरांकडे जात नाही. पत्त्या अचूक होत्या, गणितही सुसंगत होते. चूक गृहीतकात होती. भैरवातील ऋषभ किंवा दरबारी कानड्यातील गांधार आंदोलित असतो. तो एका बिंदूवर उभाच राहत नाही. तोडीतला कोमल गांधार नेहमीच्या कोमल गांधाराहून उतरता लागतो आणि एकच गायक एकाच रागात आरोही व अवरोही वळणांत स्वराला निराळा स्पर्श करतो. अशा स्वराला बावीस घरे दिली काय आणि चव्वेचाळीस दिली काय, तो घरांच्या मधल्या वाटेवरच सापडावयाचा. विरोधकांनीही मात्र एक गोष्ट दृष्टीआड केली. बारा स्वरांची जी पेटी पुढे मैफलीत निर्वेधपणे बसली, ती देवलांच्या पेटीपेक्षा अधिक बेसूर होती.

असाच प्रयत्न पुढे नेदर्लंड्समध्ये झाला, त्याची तुलना उद्बोधक आहे. सप्तकाचे ३१ समान भाग केल्यास गांधार जवळजवळ शुद्ध मिळतो, असे क्रिस्तीआन हायगेन्झ या डच शास्त्रज्ञाने १६९१ मध्ये दाखविले होते. त्यात पंचम किंचित उतरतो, तेवढी किंमत द्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आद्रियान फोकर (१८८७–१९७२) या भौतिकीविज्ञांनी हा विचार पुन्हा हाती घेतला आणि अल्कमार येथील पेल्स या ऑर्गनकारांनी त्यांच्यासाठी सप्तकात ३१ स्वरांचा नळ्यांचा ऑर्गन बांधला. तो १९५० मध्ये हार्लेम येथील टेलर्स संग्रहालयात बसविण्यात आला आणि २००९ पासून ॲम्स्टरडॅम येथील संगीतगृहात आहे. पेल्स यांच्या वाद्याला नवे संगीत रचून देणारे रचनाकार मिळाले. देवल-क्लेमंट्स यांच्या वाद्यापुढे मात्र शतकानुशतके चालत आलेल्या गायनाचे अनुकरण करण्याचे काम होते आणि ते कितीतरी कठीण होते.

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीने आपल्या कार्यक्रमांत हार्मोनियमला बंदी केली. ही बंदी सु. तीन दशके टिकली. तिच्या समर्थनार्थ पुढे आलेल्या युक्तिवादांत समान विभागणीचा आक्षेप होताच, म्हणजे क्लेमंट्स यांचे म्हणणे त्यांच्या वाद्याशिवाय जिवंत राहिले. पेटीत सुधारणा करण्याचे प्रयत्नही थांबले नाहीत. नागपूरचे मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) यांनी स्वरमंडलाची जोड असलेल्या पेटीला ‘संवादिनी’ हे नाव देऊन तिचे एकलवादन लोकप्रिय केले. ठाण्याचे विद्याधर ओक यांनी एकविसाव्या शतकात घडविलेल्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियममध्ये पट्ट्यांची संख्या वाढविलेली नाही. षड्ज व पंचम वगळता उरलेल्या दहा स्वरांसाठी खुंट्या बसविलेल्या असून, त्या मागेपुढे करून रागानुसार दोहोंपैकी एक श्रुती निवडता येते. बोटांची सवय न मोडता श्रुती बदलण्याची ही योजना जुन्या वाद्यातील मुख्य अडचण दूर करते. याखेरीज महाराष्ट्रातील अनेक पेटीकार मागणीनुसार ‘गांधार’ जुळणी करून देतात. तीत एक षड्ज कायम धरून बाकीचे स्वर तंबोऱ्याशी मिळविलेले असतात. अशी पेटी ठरलेल्या पट्टीत तंबोऱ्याशी एकरूप होते. पट्टी बदलली की तिचे स्वर पुन्हा विसंवादी होतात, म्हणून काही वादक वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी निरनिराळ्या पेट्या बाळगतात.