फोर्ड मॅडॉक्स ब्राऊनचे ‘वेटिंग’

* हे छोटे तैलचित्र लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. एका स्त्रीच्या मांडीवर गाढ झोपलेले मूल, हातात शिवण, एका अंगाला विस्तवाची धग आणि दुसऱ्या अंगाला दिव्याचा उजेड. ब्राऊनने पत्नी एमा आणि लेक कॅथरीन यांनाच समोर बसवून ते रंगवायला घेतले, तेव्हा त्यात युद्धाचा मागमूस नव्हता. क्रिमियाची लढाई पेटल्यावर त्याने टेबलावर पत्रे आणि एका लष्करी अधिकाऱ्याची इवलीशी तसबीर रंगवली, शीर्षकात १८५४-५५ हा काळ घातला. एवढ्यानेच घरधन्याची रोजची वाट पाहणे जिवाला घोर लावणारे झाले. या स्त्रीला विधवा मात्र समजू नये. शोकाचा काळा पोशाख तिच्या अंगावर नाही. – संपा.